एकीचे रक्त, साऱ्या घराचा अहवाल

झाशी जिल्ह्यात गरौठ्याच्या बाजूला गुरसराय नावाचा कसबा आहे. आज तिथे कानावर पडते ती बुंदेली आणि हिंदी. मात्र या भागाचा इतिहास मराठी माणसाला परका नाही. १७२९ मध्ये पहिला बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावून गेला. १७३१ मध्ये छत्रसाल वारला आणि त्याच्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. त्याचा कारभार पाहण्यासाठी कोकणातले गोविंदपंत खेर गेले आणि गोविंदपंत बुंदेले या नावाने इतिहासात राहिले. गुरसरायची जहागीरही पुढे एका दक्षिणी ब्राह्मण घराण्याकडे होती. सागर, जालौन, झाशी, ग्वाल्हेर या पट्ट्यात मराठी घरे रुजली ती याच काळात. त्यांच्या सोयरिकी दूरदूर होत. लेक दोनशे कोसांवर दिली जाई आणि सून तितक्याच लांबून येई.

अशा घरांनी आपल्या वंशावळी जपल्या. मराठी समाजात कुलवृत्तांत छापण्याची हौस मोठी आहे आणि त्यांत मूळ पुरुषापासून दहा-दहा पिढ्या सापडतात. पण बहुतेक वंशावळी मुलाकडून मुलाकडे उतरतात. लेकीच्या नावापुढे सासरचे आडनाव आणि गाव लिहिले की तिची रेघ तिथेच थांबते. रक्तातल्या जनुकांना हा नियम ठाऊक नाही. बापाकडून लेकीला, लेकीकडून नातवाला, नातवाकडून पुन्हा त्याच्या लेकीला, असा त्यांचा प्रवास चालू राहतो. काही घराण्यांत या प्रवासात कर्करोगाचा धोका वाढवणारा एखादा बदलही असतो. तो आहे की नाही, हे आज एका रक्ताच्या नमुन्यावरून कळू शकते. वैद्यकातले हे मोठे नवल आहे. अहवाल येतो एकीच्या नावाने, पण तो उघडला की साऱ्या घराचे मन ढवळून निघते. हा लेख त्या ढवळण्याबद्दल आहे.

शिंपीणबाईचे भाकीत

काही घराण्यांत कर्करोग वारंवार होतो, हे जनुकांचा शोध लागण्याआधीच लोकांच्या लक्षात आले होते. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या घराण्यातल्या बायकांना चार पिढ्या स्तनाचा कर्करोग होत आला होता.

दुसरी हकिगत अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावची. १८९५ मध्ये तिथल्या विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांची एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी गाठ पडली. ती खिन्न दिसली म्हणून त्यांनी कारण विचारले. तिने सांगितले की आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. तेव्हा ती धडधाकट होती. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. तिच्या घराण्याची माहिती गोळा करून ती त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. हे घराणे ‘फॅमिली जी’ म्हणून ओळखले जाते. नेब्रास्कातले डॉ. हेन्री लिंच यांनी या प्रकाराचा आयुष्यभर पाठपुरावा केला, म्हणून आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्या घराण्यातला नेमका जनुकीय बदल, एमएसएच-२ या जनुकातला, २००० साली सापडला. बाईच्या बोलण्यानंतर एकशे पाच वर्षांनी.

या हकिगतीतली भावनिक बाजू अनेकदा नजरेआड होते. तपासणी नव्हती तेव्हाही भीती होतीच. बाई ती भीती एकटीच बाळगत होती आणि तिला नाव नव्हते, मोजमाप नव्हते, उपायही नव्हता. आपल्याकडेही ‘आमच्या घरात आहे ते’ हे वाक्य अशाच दबक्या आवाजात बोलले जाते.

मुंबईत या विषयाची पायाभरणी लवकर झाली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एल. डी. संघवी यांच्याबरोबर मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांमधल्या सात आनुवंशिक गुणधर्मांचा अभ्यास केला आणि तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपसांतच लग्ने करणाऱ्या समाजांत काही गुणधर्म एकवटतात, हे पाहण्याचा तो भारतातला सुरुवातीचा प्रयत्न होता.

स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धागा हाती लागायला मात्र १९९० उजाडावे लागले. मेरी-क्लेअर किंग यांनी २३ घराण्यांचा अभ्यास करून दाखवले की दोषी जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. तेव्हा अनेकांना हे पटत नव्हते. १९९४ मध्ये युटातल्या मार्क स्कोल्निक यांच्या चमूने ते जनुक प्रत्यक्ष वेगळे केले. त्याचे नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये माइक स्ट्रॅटन यांच्या चमूने तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ शोधले. ही दोन्ही जनुके आपणा सर्वांच्या शरीरात असतात आणि तुटलेला डीएनए दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांत बिघाड जन्मतःच आला असेल तर दुरुस्ती कच्ची राहते आणि धोका वाढतो.

चौकोन, वर्तुळ आणि एक तिरपी रेघ

तपासणीची सुरुवात सुईने होत नाही, ती कागदावर होते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तिथे डॉ. राजीव सरीन यांच्या पुढाकाराने कर्करोगाच्या जनुकशास्त्राचे मोठे काम उभे राहिले. अशा कोणत्याही क्लिनिकमध्ये समुपदेशक समोर बसतात आणि किमान तीन पिढ्यांचे झाड काढू लागतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. कर्करोग झालेल्याचे चिन्ह रंगवायचे. वारलेल्याच्या चिन्हावर तिरपी रेघ. जी व्यक्ती समोर बसली आहे तिच्या चिन्हापाशी बाण. शेजारी वय लिहायचे, म्हणजे आजार कोणत्या वयात कळला ते.

प्रश्न साधे असतात, पण उत्तरे देताना माणसे अडखळतात. आत्या कशाने गेली? ‘पोटाचे दुखणे होते.’ किती वर्षांची होती? ‘धाकट्याची मुंज व्हायची होती तेव्हा.’ आजीला गाठ होती का? ‘आमच्यापाशी कोणी बोलले नाही.’ पोटाचे दुखणे म्हणजे बीजांडकोशाचा कर्करोग असू शकतो आणि मुंज व्हायची होती म्हणजे आत्या चाळिशीच्या आतली असू शकते. वर्षानुवर्षे कोणी न उच्चारलेली मरणे अर्ध्या तासात एका कागदावर शेजारी-शेजारी येतात. रक्त अजून काढलेले नसते, तरी अनेकांच्या डोळ्यांत इथेच पाणी येते.

मग रक्त घेतले जाते, चार-पाच मिलिलिटर, जांभळ्या टोपणाच्या नळीत. अहवालाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. शक्य असेल तर पहिला नमुना कर्करोग झालेल्या व्यक्तीचा घेतात. तिच्यात बदल सापडला, तरच बाकीच्यांच्या तपासणीला नेमका अर्थ येतो. एकदा जागा कळली की इतरांची तेवढीच जागा तपासायची असते आणि खर्चही कमी होतो.

२०१५ पासून जगभरच्या प्रयोगशाळा सापडलेल्या बदलांची पाच गटांत वर्गवारी करतात. निश्चित अपायकारक आणि बहुधा अपायकारक हे एका टोकाला, बहुधा निरुपद्रवी आणि निश्चित निरुपद्रवी हे दुसऱ्या टोकाला. मधला गट ‘अर्थ अनिश्चित’. मनाला सर्वांत जास्त छळतो तो हाच मधला. होय म्हटले तर उपाय करता येतात, नाही म्हटले तर सुटकेचा श्वास घेता येतो. ‘माहीत नाही’ याचे काय करायचे? या गटावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, असा नियम आहे. जगातला बहुतेक संदर्भसाठा युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्यामुळे भारतीय घरांना हे उत्तर अधिक वेळा मिळते. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला, त्याचा उपयोग इथे होणार आहे.

आकडा ऐकल्यावर मन काय करते

आधी प्रमाण लक्षात घेऊ. सर्व कर्करोगांपैकी जेमतेम ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात. बुंदेलखंड असो की विदर्भ, तोंडाच्या कर्करोगामागे तंबाखू आणि गुटखा आहे, आजोबांचे जनुक नव्हे. पण ज्या थोड्या घरांत बदल आहे, तिथे आकडे हादरवणारे असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ७२ टक्के आणि बीजांडकोशाचा सुमारे ४४ टक्के. बीआरसीए-२ साठी हेच आकडे ६९ आणि १७. आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी.

हे ऐकून माणसे कायमची खचतात का? तपासण्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनाही हीच धास्ती होती. गेल्या तीन दशकांच्या अभ्यासांचे उत्तर दिलासा देणारे आहे. ‘बदल आहे’ हे कळल्यावर चिंता आणि बेचैनी वाढते, झोप उडते, पण बहुतेकांचे मन वर्षभरात पूर्वपदावर येते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरिन लर्मन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तर उलटीच गोष्ट दाखवली. अशा घरांतले जे लोक आधीच ताणाखाली होते आणि ज्यांनी निकाल जाणून घ्यायचे नाकारले, त्यांच्यात नैराश्य वाढले. निकाल वाईट आला त्यांच्यात ते तसे वाढले नाही. न बघितलेली गोष्ट मनात अधिक मोठी होते, हा अनुभव आपल्यालाही आहेच.

सरासरीच्या आकड्याआड मात्र घरातल्या प्रत्येकाचे दुःख वेगळे असते. ते समजण्यासाठी एक घर कल्पून पाहू. मोठी बहीण झाशीला, वय ४२, स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू. धाकटी ग्वाल्हेरला. भाऊ गुरसरायला दुकान सांभाळतो. आई म्हातारी आणि सत्तरीपर्यंत ठणठणीत. बदल वडिलांकडून आलेला, म्हणजे सागरला दिलेल्या आत्याच्या घरीही तो असू शकतो.

मोठीचा अहवाल आला की तिला स्वतःच्या आजारापेक्षा मुलीची काळजी खाते. ‘मी तिला हे दिले’ असे तिला वाटते. हा अपराधभाव अशा घरांत सर्वांत जास्त आढळतो आणि तो सर्वांत निराधारही असतो, कारण आपण मुलांना कोणते जनुक द्यायचे हे कोणाच्याच हाती नसते. धाकटीचा निकाल चांगला आला, तर ती पेढे वाटेल असे वाटते. तसे होत नाही. ताई भोगते आहे आणि मी सुटले, या विचाराने तिला बहिणीला फोन करणे अवघड जाते. आजवर दोघी एकाच भीतीत होत्या, ती जोडी तुटते. चांगल्या बातमीनेही मन खट्टू होते, याचे घरातल्यांना आश्चर्य वाटते आणि मग ती ते कोणाला सांगत नाही.

भाऊ म्हणतो, हा बायकांचा आजार, माझा काय संबंध? संबंध आहे. बीआरसीए-२ चा बिघाड असलेल्या पुरुषाला प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, स्तनाचा कर्करोगही होऊ शकतो. शिवाय त्याच्या लेकींना तो बदल मिळू शकतो. पण तपासणीच्या खोलीत पुरुष क्वचितच दिसतात. त्यांची भीती रागाच्या किंवा टाळाटाळीच्या रूपाने बाहेर पडते. आणि आई? आपल्याला काही झाले नाही आणि लेकीला झाले, या विचाराने ती मनातल्या मनात देवाशी भांडत असते. बदल आपल्याकडचा नाही, सासरचा आहे, हे कळल्यावर चाळीस वर्षांचा एखादा जुना हिशेब तिच्या तोंडून निघू शकतो.

कोणाला सांगायचे, कधी सांगायचे

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न मुख्यतः व्यक्तीच्या गोपनीयतेचा असतो. आपल्याकडे तो लग्नाचा असतो. मुलगी चोवीस वर्षांची, स्थळे येत आहेत, आणि घरात असा अहवाल. सांगितले तर सोयरीक मोडेल, लपवले तर फसवणूक होईल, या कात्रीत आईबाप सापडतात. ‘लग्न होईपर्यंत नको’ म्हणून तपासणीच पुढे ढकलणारी घरे आहेत. लग्न झालेल्या बाईचा अहवाल आला की सासरी ‘हे तुमच्या माहेराहून आले’ हे वाक्य ऐकावे लागते. धोका बापाकडूनही येतो, हे जिथे माहीत नसते तिथे दोष नेहमी आईच्या पदरात पडतो.

नात्यातली लग्ने जिथे होतात तिथे एक बाब अधिक गंभीर आहे. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. नवरा-बायको दोघांतही बीआरसीए-२ चा बिघाड असेल, तर मुलाला दोन्हीकडून तो मिळण्याची शक्यता चारांत एक असते आणि तसे झाले तर फॅन्कोनी ॲनिमिया हा बालपणीच दिसणारा गंभीर रक्तविकार होऊ शकतो.

लहान मुलांची बीआरसीए तपासणी करत नाहीत, कारण हा कर्करोग बालपणी होत नाही. अठरा वर्षांनंतर तो निर्णय त्या मुलाचा किंवा मुलीचा. काही सिंड्रोममध्ये मात्र लहानपणीच तपासावे लागते. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात लहान मुलांनाही कर्करोग होतात, आणि डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमात तर वेळेवर कळले तर मुलाचा जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

नातेवाइकांना सांगण्याचे काम डॉक्टर करत नाहीत. ते ज्याचा अहवाल त्यालाच करावे लागते. सागरच्या आत्याला फोन कोणी करायचा? पंधरा वर्षे जमिनीच्या वादात बोलणे बंद असेल तर? म्हणून समुपदेशक नातेवाइकांसाठी सोप्या भाषेत एक पत्र तयार करून देतात. त्यात आजाऱ्याच्या तपशिलाची गरज नसते. घराण्यात अमुक बदल सापडला आहे, आपणही तज्ज्ञाला भेटावे, एवढे पुरते. अशा पत्रांतून दुरावलेली घरे पुन्हा बोलू लागल्याचेही समुपदेशक पाहतात.

कळल्यावर करायचे काय

माहितीचा भार सहन होतो तो तिच्यापुढे वाट असेल तर. इथे वाट आहे. बीआरसीए बदल असलेल्या बाईची पंचविशीपासून दरवर्षी स्तनांची एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करतात. मुले झाल्यानंतर, साधारण ३५ ते ४५ या वयात, बीजांडकोश आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. दोन्ही स्तन आधीच काढले तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी घटतो. आजार झालेल्यांसाठी ओलापारिबसारखी औषधे आली, ओलापारिबला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे पेशीतल्या नेमक्या त्याच बिघाडाचा फायदा घेतात.

१४ मे २०१३ रोजी अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितले की बीआरसीए-१ चा बदल असल्यामुळे आपण दोन्ही स्तन काढून घेतले. त्यांची आई ५६ व्या वर्षी कर्करोगाने गेली होती. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ब्रिटनमध्ये अशा क्लिनिककडे पाठवलेल्यांची संख्या सुमारे अडीच पट झाली. तपासणीबद्दल उघड बोलता येते, हे त्या एका लेखाने दाखवले. पण शस्त्रक्रिया सोपी नाही. शरीर बदलते, पाळी अकाली थांबते, नवरा-बायकोच्या नात्यावर ताण येतो. नुसती नियमित पाहणी करत राहणे हाही सन्मानाचा पर्याय आहे, तो निवडणारी बाई भित्री किंवा बेफिकीर ठरत नाही.

गुरसरायहून किती दूर?

‘टाटाला नेलंय’ हे वाक्य मध्य भारतातल्या घरांत भीतीने आणि भरवशानेही उच्चारले जाते. झाशीहून पंजाब मेल धरली की माणूस थेट मुंबईला उतरतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची आणि सोबत्यांची सोय होते. २०१९ मध्ये टाटा स्मारक केंद्राची वाराणसीतली रुग्णालये सुरू झाल्यामुळे उत्तर प्रदेशातल्या लोकांना जवळचा पर्याय मिळाला. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहेच. नमुना आता कुरिअरने जातो, त्यामुळे रक्त देणे सोपे झाले आहे. अवघड आहे ते समुपदेशन. प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक देशात फार थोडे आहेत आणि तेही मोठ्या शहरांत. त्यामुळे लहान गावात अहवाल आधी मोबाइलवर पोचतो आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस नंतर, किंवा कधीच नाही. मनाला होणाऱ्या बऱ्याचशा इजेचे कारण ही उलटी क्रमवारी आहे.

विम्याची काळजीही खरी आहे. अमेरिकेत २००८ मध्ये जनुकीय माहितीवरून नोकरी आणि आरोग्यविम्यात भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१८ रोजी जनुकीय विकारांना सरसकट वगळणारे विम्याचे कलम भेदभावाचे ठरवले. पुढे तो विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. कायदा स्पष्ट होईपर्यंत लोकांच्या मनातली ही धास्ती जाणार नाही.

जनुकीय तपासणी चांगली की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. तिच्याआधी बोलणे झाले आणि नंतर सोबत मिळाली तर ती जीव वाचवते. दोन्ही नसतील तर ती घरात फक्त एक नवी भीती आणते. म्हणून घरात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेला असेल, बीजांडकोशाचा कर्करोग कोणालाही झाला असेल, पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल किंवा एकाच बाजूच्या तीन नातेवाइकांना असे आजार झाले असतील, तर जनुकीय समुपदेशकाचा सल्ला जरूर घ्या, गावात नसेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या. माहेर आणि सासर दोन्हीकडची माहिती, लेकींच्या घरांसकट, लिहून सोबत न्या. आणि निकाल सांगायच्या दिवशी एकटे जाऊ नका.